गिरदावरांचे वरले बाबा

माझ्या लांबच्या नातवंडांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो पोचला. शेंदूर फासलेला दगड, वर पत्र्याचं छत, छताला पताका, आणि मागच्या भिंतीवर रंगवलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, डोक्यामागे चंद्र आणि तारे. फोटोखाली तुम्ही विचारलंत, "आजी, हे संत कोण? आपल्या घराण्यातले का?"

आपल्या घराण्यातले नाहीत. संतही नाहीत. नीट सांगायचं तर ते कोणीच नाहीत.

मी एवढंच लिहून पाठवणार होते. पण मागच्या आठवड्यात पाटोद्याहून त्या ओट्याच्या कमिटीचे दोन गृहस्थ माझ्या बीडच्या घरी आले. पेढे ठेवले, पाया पडले. एक म्हणाले, "आजी, बाबांच्या येळचं आता तुमीच एकल्या उरल्या. चार पानं लिवून द्या. बाबांचं चरित्र छापायचं हाय."

मी म्हटलं, "अहो, बाबांना कोणीच पाहिलेलं नाही. बाबा नव्हतेच."

त्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. "बगा," दुसरे हळूच म्हणाले, "किती खोल बोलल्या." त्यांना वाटलं, म्हातारी अध्यात्मातलं काही सांगते आहे.

ते चरित्र मी लिहिणार नाही. पण खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं, आणि तुम्ही त्या पताकांपासून आणि पेढ्यांपासून पुरेसे लांब आहात, म्हणून तुम्हाला लिहिते. मी मुलींना इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला. आधी जागा सांगा, मग माणूस, मग प्रसंग, असं त्यांना बजावत आले. तसंच लिहायचा प्रयत्न करते. माणूस मात्र कुठल्याच क्रमात बसणारा नव्हता.

माझ्या लहानपणी पाटोद्यावर निजामाचं राज्य होतं. कचेरी उर्दूत चालायची, घर मराठीत. माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. दुकानामागे आम्ही राहायचो आणि माडीवर भाडेकरू. हा भाडेकरू पूर्वी सरकारी गिरदावर होता. पटवाऱ्यांनी कागदावर लिहिलेलं पीक शेतात खरंच उभं आहे का, हे घोड्यावरून गावोगाव फिरून बघायचं, हे गिरदावराचं काम. नोकरी गेली तरी लोक त्यांना गिरदावरसाहेबच म्हणत, आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. त्यांच्या नातवंडांना मी ओळखते, आणि ती भली आहेत. त्यांचं कुटुंब गेवराईकडे शेतावर राहायचं. माझ्या आईच्या मते, शहाणपणानं राहायचं.

नोकरी कशी गेली तेही सांगते, कारण त्यात माणूस पुरता दिसतो. हे गृहस्थ तलवाड्याला पीक बघायला गेले, आणि शेतात न जाता आंब्याखाली बसून कादंबरी लिहू लागले. मग तलवाड्याच्या पिकाचे कागद वर कचेरीत गेले, त्यांत कादंबरीचं एक पान गेलं. गिरदावरांचं अक्षर तेव्हा अजून लागत असे, म्हणून पेशकार कारकुनानं तहसीलदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं की या गावातल्या लोकांना सावल्या नाहीत, ते जमिनीपासून हातभर वर तरंगतात आणि त्यांचा सर्वांत वृद्ध माणूस तीनशे वर्षांचा आहे. तहसीलदारांनी विचारलं म्हणे, "आणि ज्वारी?" ज्वारीबद्दल पानावर काही नव्हतं.

गिरदावर ही गोष्ट स्वतः सांगायचे, आणि आपण हुतात्मा झालो अशा चेहऱ्यानं सांगायचे.

त्यांच्या कादंबऱ्या शास्त्रीय होत्या, असं ते म्हणत. तुम्हाला त्या आवडल्या असत्या, कारण त्यांत विमानं होती, चंद्र होता, मंगळ होता, आणि पाच हजार वर्षांनंतरचं जग होतं. मलाही दहाव्या-अकराव्या वर्षी आवडल्या. नंतर मी वाचायला शिकले. त्यांचं चंद्राला जाणारं यान दिवट्यांच्या धुरावर चालायचं. चंद्राच्या वाटेवर करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे जकात. पाटोद्याहून जामखेडकडे गेलं की निजामाची हद्द संपून इंग्रजांची लागायची आणि तिथे असा नाका होता. गिरदावरांना हद्दीशिवाय आकाश आणि नाक्याशिवाय हद्द सुचतच नसे. मंगळावर पटवारी होते, ते लाच खायचे. या माणसानं सगळं अंतराळ पालथं घातलं आणि त्याला तिथे पाटोदा तालुका सापडला.

हेही मी माफ केलं असतं. त्यांचे म्हातारे माफ करण्यासारखे नव्हते.

प्रत्येक कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात नायक संकटात सापडला की एक म्हातारा यायचा. चंद्रावर तो गुहेतून यायचा, समुद्राखाली शिंपल्यातून, आणि पाच हजार वर्षांनंतरच्या नगरात एका उंच मनोऱ्यावरून. नाव दर वेळी निराळं. बाकी तोच: बेंबीपर्यंत पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, एक डोळा मिटलेला, तोंडात फुटाणा चघळत. नायक काकुळतीला येऊन विचारायचा, आता मी काय करू? म्हातारा हसायचा आणि म्हणायचा, "पोरा, घाई कोणाला? आकाशाला?" आणि गुप्त व्हायचा. शेवटच्या प्रकरणात परत येऊन सांगायचा की मला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. मग तिसऱ्या प्रकरणातच का नाही सांगितलंस, मेल्या? तिथेच पुस्तक संपलं असतं, केवढं तरी रॉकेल वाचलं असतं आणि नायकाचा भाऊ जिवंत राहिला असता.

मी हे एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाळ, ज्ञानी माणूस लगेच बोलला तर त्याला ज्ञानी कोण म्हणेल?" त्यांच्या शहाणपणाचा सगळा मसाला एवढाच होता.

हा म्हातारा त्यांनी कुठून आणला हे आम्हा घरच्यांना रोज दिसायचं. तो त्यांना स्वतःला व्हायचं होतं. गिरदावर तेव्हा म्हातारे मुळीच नव्हते. अप्पांपेक्षा चार वर्षांनी लहान होते, तरी अप्पांना ते "बाळ" म्हणायचे आणि अप्पा ऐकून घ्यायचे. दाढी काळीभोर होती, म्हणून आमच्या देवघरातली विभूती मागून नेऊन तीत चोळायचे. आमचं घर महादेवाचं, विभूतीला कमी नव्हती. उन्हात घाम आला की मानेवर पांढरे ओघळ यायचे. काठी टेकत, वाकून, दर चार पावलांवर थांबून चालायचे आणि थांबले की वर बघायचे. गल्लीतली माणसं कौतुकानं म्हणायची, "सायेब तारे बगतेत." भर दुपारी.

एका बाजारच्या दिवशी एक वळू सुटला. माणसं पळाली, टोपल्या उलटल्या, आणि वळू नेमका आमच्या दुकानाकडे आला. गिरदावर तेव्हा दुकानासमोर कोणाला तरी कालचक्र समजावत होते. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काठी एकीकडे उडाली, घोंगडी एकीकडे, आणि हा जख्ख म्हातारा ताठ होऊन एका उडीत अप्पांच्या कापडाच्या फळीवर चढला. तिथून दुसऱ्या उडीत छपराच्या वाशाला लोंबकळला. वळू निघून गेला. मग वरून अगदी क्षीण आवाज आला, "बाळ, जरा हात दे. गुडघे धरलेत."

अप्पांनी खरोखर हात दिला. आई आतून म्हणाली, "चढताना कावून न्हाई धरले म्हनं?" अप्पा तिच्यावरच रागावले.

आता माझा या सगळ्याशी संबंध काय, ते. गिरदावर मोडीत लिहायचे. मोडी म्हणजे हात न उचलता भरभर लिहायची जुनी लिपी. त्यांची मोडी इतकी भरभर होती की शाई वाळली की त्यांनाही वाचता यायची नाही. छापखाना होता नगरला, इंग्रजांच्या मुलखात, आणि त्याला सुटं, स्वच्छ बाळबोध अक्षर लागायचं. मी दुकानात बसून मोडी शिकले होते आणि माझं बाळबोध अक्षर चांगलं होतं. म्हणून ते सकाळी लिहायचे, दुपारी मी त्याची स्वच्छ प्रत करायची, आणि दिवेलागणीला महादेवाच्या सभामंडपात ते ती प्रत वाचायचे. आधी एकदा नजरेखालून घालणं वगैरे त्यांना माहीत नव्हतं. आपण काय लिहिलं हे त्यांना मंडपातच, लोकांबरोबर कळायचं, आणि चांगल्या वाक्याला ते स्वतःच "वाहवा" म्हणायचे.

त्या मंडपात एरवी पोथी वाचली जायची. पोथीचा तोच लाकडी चौरंग, तीच समई, तेच ऐकणारे. प्रकरण संपलं की सवयीनं कोणीतरी नारळ फोडायचं. पोथीतल्या देवाचं नाव आलं की हात जोडायचे, ही सवय. तसे म्हातारा आला की लोकांनी हात जोडले. आणि दुसऱ्या कादंबरीत, निराळ्या नावानं पण तीच घोंगडी आणि तोच मिटलेला डोळा घेऊन तो पुन्हा आला, तेव्हा मंडपात खळबळ उडाली. लेखकाला दुसरा म्हातारा सुचत नाही, असं कोणाच्याही मनात आलं नाही. लोकांना वाटलं, हा एकच सिद्धपुरुष आहे आणि तो सगळीकडे फिरतो आहे.

सरूबाई म्हणून एक शेतकरीण मंडपात अगदी पुढे बसायची. तिनं विचारलं, "सायेब, ह्ये बाबा कंच्या गावचे म्हनायचे?"

त्या वेळी एवढं म्हणायचं होतं की बाई, हे मी रचलेलं आहे. गिरदावरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "त्यांना गाव नसतं. ते वर असतात."

झालं. त्या दिवसापासून ते वरले बाबा झाले. लोक प्रश्न घेऊन येऊ लागले. पाटोद्याचे आले, मग आसपासच्या खेड्यांतले, मग पार केजहून कोणी आलं. बाजारातला अत्तरवाला मियाँ उदबत्त्या घेऊन आला, कारण वर असलेल्याला हिंदू-मुसलमान कोण विचारतो? गिरदावर ऐकून घ्यायचे, डोळे मिटायचे, तोंडात फुटाणा टाकायचे आणि सांगायचे, "बाबा म्हणतात, थांबा."

दुसरं उत्तर मी कधी ऐकलं नाही. विहीर खणू का? थांबा. लेकीला नांदायला पाठवू का? थांबा. सरूबाईचा बैल चारा सोडून बसला होता. पाटोद्यातच गुरांचं औषध देणारा एक जाणता माणूस होता. त्याच्याकडे नेऊ का, म्हणून ती विचारायला आली. थांबा. बैल गेला. सरूबाई रडली आणि म्हणाली, "बाबांना ठावंच व्हतं त्यो जानार म्हनून. म्हनून तर थांबा म्हनले." हे ऐकून गिरदावरांनी गंभीरपणे मान हलवली. ती मान हलवलेली मी विसरले नाही. पुढे मी पुष्कळ खोटी माणसं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना निदान दुसऱ्याच्या मेलेल्या बैलासमोर थोडी लाज वाटायची.

आई त्यांना माडीवर जेवणाचं ताट पाठवायची, पण बाबांना तिनं कधी हात जोडले नाहीत. "वरले बाबा खाली येऊन एक दिस दळन दळू द्या," म्हणायची, "मग बगू पाया पडायचं."

मी बारा वर्षांची झाले, त्या उन्हाळ्यात नगरहून मामा आला. नगरला मुलींची इंग्रजी शाळा होती, शेजारीच मुलींचं वसतिगृह होतं, आणि मामा म्हणाला, "हिला घेऊन जातो." इकडे केजच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याकडूनही निरोप आला होता की मुलगी बघायला येतो. म्हणजे माझ्या पुढे दोन रस्ते होते, आणि दोन्ही त्याच महिन्यात सुरू होणार होते.

आईचं मत नगर. मामाचं मत नगर. माझं मत मी रात्रंदिवस सांगत होते. अप्पा वाईट नव्हते हो. ते मलाच दुकानात मोडी शिकवणारे. पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांचा चेहरा पडायचा, आणि अशा वेळी वरले बाबा फार सोयीचे पडायचे.

"मी विचारतो," अप्पा म्हणाले.

"दाजी," मामा म्हणाला, "चंद्रावरच्या म्हाताऱ्याला कशाला विचारता? मी इथं समोर बसलोय की."

तरी अप्पा त्या संध्याकाळी मंडपात सगळ्यांदेखत हात जोडून उभे राहिले. "सायेब, पोरगी शिकाया नगरला धाडावी का? बाबांना विचारा."

मी खांबाला टेकून बसले होते. गिरदावरांनी डोळे मिटायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं ते मला वाचता आलं, कारण त्यांचं अक्षर वाचणारी पाटोद्यात मी एकटीच होते. चौथ्या कादंबरीची दोनच प्रकरणं झाली होती. मी गेले की बाळबोध कोण करणार?

त्यांनी फुटाणा तोंडात टाकला. "बाबा म्हणतात, थांबा."

सरूबाईनं हात जोडले. अप्पांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. बारा वर्षांच्या मुलीला थांबा म्हणणं म्हणजे केजला जा म्हणणं, हे मंडपातल्या प्रत्येक बाईला कळत होतं, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर जिन्यात गिरदावर मला म्हणाले, "बाळ, उद्याचं प्रकरण मोठं आहे. दुपारी लवकर बस."

मी लवकर बसले. प्रकरण असं होतं: नायक मंगळाच्या नाक्यावर अडकलेला, नाकेदार त्याला सोडत नाही, मागून शत्रूची यानं येत आहेत, आणि अर्थातच घोंगडीवाला म्हातारा येतो. "आता मी काय करू?" नायक विचारतो. पुढचं वाक्य काय असणार हे मला न वाचताही ठाऊक होतं. पोरा, घाई कोणाला.

माझा बोरू तिथे थांबला. आई जवळच ज्वारी निवडत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी थांबलेली तिला कळलं.

"काय झालं गं?"

"आई, इथं बाबा बोलतात. मी त्यांना दुसरं बोलायला लावू का?"

आईनं सूप खाली ठेवलं. माडीकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अक्षर मोटं काड. त्याला दिव्यात दिसत न्हाई."

मी मोठं अक्षर काढलं.

त्या संध्याकाळी मंडप भरलेला होता. गिरदावर नेहमीसारखे हेलात वाचत होते, मान डोलावत, पुढच्या ओळीवर नजर न टाकता. नायकानं विचारलं, आता मी काय करू? सगळ्यांचे हात जोडले गेले. आणि गिरदावर वाचू लागले:

"म्हातारा म्हणाला, पोरा, आता घाई कर. खाली पृथ्वीवर एका बाजारपेठेत, कापडाच्या दुकानामागे, एक मुलगी शिकायची थांबली आहे..."

इथे त्यांचा हेल मोडला. पण समोर सगळे हात जोडून बसले होते आणि वाक्य अर्धं होतं. त्यांना पुढे जाणं भाग होतं.

"...तिची गाडी उद्याच जुंपायला सांग. शिकणारी पोर घरी थांबवू नका. थांबलेली पोर मग थांबतच राहते."

आज मी ते इतकं उघड लिहिलं नसतं. कापडाचं दुकान तरी गाळलं असतं. पण बारा वर्षांच्या मुलीला आडून लिहायला वेळ नव्हता.

सरूबाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा, सायेब. बाबा आज येगळंच बोलले."

"अप्पा," मागून कोणीतरी ओरडलं, "तुमचंच दुकान की वो! वरून दिसलं बगा त्येंला!"

गिरदावरांनी कागदावरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी फक्त एवढं सांगायचं होतं की हे माझं वाक्य नाही, हे या पोरीनं घुसडलं आहे. पण मग बाबांच्या तोंडात कोणीही काहीही घालू शकतो हे सगळ्या पाटोद्याला कळलं असतं, आणि वर्षभराचे नारळ, उदबत्त्या आणि हात जोडणं एका क्षणात गेलं असतं. मी आणि बाबा, यांतलं एक त्यांना निवडायचं होतं. मी त्यांना ओळखून होते.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. या वेळी जास्त चांगलं वाचलं. "थांबतच राहते" म्हणताना आवाज कापवला. दोन बायका रडल्या. काही झालं तरी माणूस वाचणारा पक्का होता.

"बाबांची इच्छा," शेवटी ते म्हणाले, आणि फुटाणा खायचं विसरले.

अप्पा उठून उभे राहिले. "उद्याच गाडी जुंपतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्याला निवडलं गेलं, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि मी ते कधी मोडलं नाही.

मामा दारातून म्हणाला, "कळलं म्हनायचं म्हाताऱ्याला एकदाचं."

दुसऱ्या दिवशी गाडी निघताना गल्ली जमली. सरूबाईनं माझ्या हातात गुळाचा खडा दिला आणि माझ्याच पायांना हात लावायला वाकली, मी मागे सरले. गिरदावर काठी टेकत आले. मला वाटलं, आता काही बोलतील. ओरडतील, किंवा शाबास म्हणतील. ते गाडीच्या धुरेशी वाकून पुटपुटले, "बाळबोध आता कोण करणार?"

त्यांनी मला निरोप दिला तो एवढाच.

चौथी कादंबरी पुरी झाली नाही. नायक मंगळाच्या नाक्यावर आजही अडकलेला आहे. बाबांनी घाई कर म्हटल्यावर त्याच्याकडून पुढे काय करून घ्यावं हे गिरदावरांना सुचलं नसेल. त्यांच्या म्हाताऱ्यांना कधी कोणाला काही करायला सांगावं लागलं नव्हतं.

पण बाबा वाढले. वरून दुकान ओळखणारे बाबा म्हणून त्यांची कीर्ती गेवराईपर्यंत गेली. पहिल्या कादंबरीच्या शेवटी म्हातारा आमच्या वेशीबाहेरच्या कडुनिंबाखाली उतरतो असं होतं. त्या कडुनिंबाखाली सरूबाईनं एक दगड ठेवला, तिच्या मुलांनी ओटा बांधला, अत्तरवाल्यानं हिरवी चादर आणली.

मी पदवी घेऊन, लग्न करून, निजामाचं राज्य गेल्यावर बऱ्याच वर्षांनी पाटोद्याला गेले, तेव्हा गिरदावर त्या ओट्याशेजारी बसलेले होते. आता ते खरे म्हातारे झाले होते. दाढी विभूतीशिवाय पांढरी, पाठ आपोआप वाकलेली, एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला. जन्मभर ज्याची तालीम केली ते सगळं मिळालं होतं, आणि कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. लोक त्यांना ओलांडून दगडाला नारळ वाहायचे, आणि परतताना त्यांच्या ओंजळीत खोबऱ्याचा तुकडा टाकायचे.

मी जवळ बसले. त्यांनी मला ओळखलं.

"बाबांनी तुला पाठवलं," ते म्हणाले. "माझ्या तोंडून."

"ते वाक्य मी लिहिलं होतं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी कोणालातरी सांगायचं होतं.

त्यांनी ओंजळीतला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "तू लिहिलंस, बाळ," ते म्हणाले. "पण म्हणाले बाबा."

मी इंग्रजीचे तास घेता घेता म्हातारी झाले. पुस्तकातलं माणूस लिहिणाऱ्याच्या हातून सुटून आपल्या मनानं बोलतं, असं सांगणारे विद्वान मला पुष्कळ भेटले. मला ते कधी पटलं नाही. लिहिणारा लिहितो. हात मोडला की बाबा मुके होतात. आणि शहाणपणाचं एकच वाक्य त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून कधी निघालं असेल, तर ते ज्या हातातून निघालं त्याला शाई लागलेली होती आणि तो केजला जायला घाबरलेला होता.

म्हणून कमिटीला सांगा म्हणाल तर मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तेही खोल बोलणं ठरेल.

आता काय उरलं आहे ते लिहिते आणि थांबते. कादंबऱ्या उरलेल्या नाहीत. मी नगरला, औरंगाबादला आणि हैदराबादला शोधल्या. माडीवरच्या प्रती वाळवीनं खाल्ल्या. छापखाना बंद पडला. कडुनिंब रस्ता रुंद करताना गेला. ओटा आहे. तुमच्या फोटोत नीट पाहिलंत तर म्हाताऱ्याच्या चित्राखाली निळ्या रंगात एक ओळ दिसेल: "शिकणारी पोर घरी थांबवू नका." ती दर वर्षी नव्यानं रंगवतात. आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया आपल्या मुलींना घेऊन तिथे येतात, दगडावर पाटी टेकवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलींना शाळेत घालतात.

तुमची,
आजी